५ मिमीचा स्पेसर बिनधास्त आणि २० मिमीचा धोक्याचा? बऱ्याचदा उलटं असतं

व्हील स्पेसर म्हणजे चाक थोडं बाहेर यावं म्हणून हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती. तिच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरतेय आणि लोक ती डोळे झाकून पुढे ढकलतायत. दावा असा की ५ मिमीचा स्पेसर बिनधास्त टाका, काहीच बदलावं लागत नाही, पीसीडी (नट-बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) जुळला की झालं, पण २० मिमीच्या वर जाऊ नका, गाडीचं सगळं वजन स्टडवर (हबमधून बाहेर येणारे आट्यांचे दांडे, ज्यांवर नट बसतात) येतं, स्टड तुटतात, बेअरिंग जातं. हे वाचून खरंच काळजी वाटते, कारण याच्या पहिल्या अर्ध्या भागावर विश्वास ठेवून लोक चाक खोलतात, चकती सरकवतात, जुनेच नट परत आवळतात आणि थेट हायवेला लागतात.

सगळ्यात आधी ते "काहीच बदलावं लागत नाही". अहो लागतं! स्पेसर जितका जाड, तितका स्टड कमी बाहेर येणार आणि नटाला धरायला तितके आटे कमी. हिशोब अगदी सोपा आहे. एम१२ चा स्टड, पिच १.५, म्हणजे नट एक फेरा फिरला की दीड मिमी पुढे जातो, मग ५ मिमीच्या स्पेसरने तीनपेक्षा जास्त फेरे खाल्ले. साधारण नियम असा आहे की नटाने निदान स्टडच्या व्यासाइतकी लांबी धरलेली पाहिजे, म्हणजे एम१२ ला १२ मिमी, म्हणजे पूर्ण ८ फेरे (पिच १.२५ असेल तर साडेनऊच्या वर, आणि एम१४ ला १.५ पिचवर सव्वानऊच्या वर). समजा आधी ९ फेरे बसत होते, तर स्पेसर टाकल्यावर जेमतेम साडेपाच उरले. बाहेरून बघितलं तर सगळं व्यवस्थित दिसतं, नट घट्टही होतो, म्हणूनच हे जास्त वाईट.

तपासायला पाना पण लागत नाही. स्पेसर आणि चाक नीट बसवा, नट हाताने लावा, पहिला आटा पकडला की मोजायला सुरुवात करा आणि बोटांनी फिरवत चाकाला टेकेपर्यंत फेरे मोजा, नट आरपार उघडा असेल आणि स्टडचं टोक बाहेर आलं तर तिथून पुढचे फेरे धरायचे नाहीत. कमी भरले तर लांब स्टड टाकायचे, नाहीतर स्पेसर परत करायचा, तिसरा मार्ग नाही. स्टडऐवजी बोल्ट असलेल्या गाड्यांना मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब बोल्ट लागतो. त्याहून लांब घेतला तर तो हबच्या मागे येऊन हँडब्रेकच्या पार्ट्सना घासू शकतो, आणि स्पेसर काढून टाकल्यावर तेच लांब बोल्ट परत लावले तरी तेच होणार. बोल्टची सीट, म्हणजे बोल्टचा चाकाला टेकणारा भाग, तो पण बघा, फोक्सवॅगनच्या ओरिजिनल बोल्टची सीट गोल असते आणि बाजारात ६० अंशाच्या कोनाचे बोल्ट सर्रास मिळतात, ते तिथे नीट टेकतच नाहीत.

"पीसीडी जुळला की झालं" हे पण अर्धवट. मधल्या भोकाचं काय? ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमीचं वर्तुळ) हा पीसीडी घ्या, फोक्सवॅगनचं सेंटर बोर ५७.१ मिमी आणि नव्या बऱ्याच ऑडींचं ६६.५, म्हणजे मोठ्या बोरचा स्पेसर लहान हबवर चढेल पण मधोमध बसेलच असं नाही, आणि मग ठराविक स्पीडला स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि माणूस बॅलन्सिंग करत बसतो. पातळ स्पेसरची अडचण इथे अजून वाढते. हबला मध्ये जी कड असते तिच्यावर चाक सेंटर होतं, पातळ चकती ती कड खाते आणि तिला स्वतःची कड काढायला जागाच नसते. नीट बनवलेल्या १५-२० मिमीच्या स्पेसरला पुढे स्वतःची कड असते. आणि ते दहा भोकांचे "युनिव्हर्सल" स्पेसर, ते मी फुकट दिले तरी लावणार नाही.

आता "वजन स्टडवर येतं". हा गैरसमज फार खोलवर बसलाय. नट आवळल्यावर स्टड ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबलं जातं, आणि त्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण लोड घेतं. स्टड तुटतो तो बहुतेक वेळा चाक ढिलं पडून हलायला लागलं म्हणून, चाकाच्या दर फेऱ्याला वाकून वाकून. त्यामुळे जाडीपेक्षा महत्त्वाचं काय, तर हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढणं, कारण गंज किंवा रंगाचा थर नंतर दबतो आणि नट आपोआप सैल होतो. आट्यांना ऑइल-ग्रीस लावू नका, त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. इम्पॅक्ट गनवर सोडून देऊ नका, मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने समोरासमोरचे नट असं आवळा आणि ५० ते १०० किमीनंतर परत तपासा.

जाड स्पेसर निर्दोष आहेत असं मी म्हणत नाहीये. बोल्ट-ऑन प्रकारात, म्हणजे स्पेसर आधी मूळ स्टडवर आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर, आतले नट चाकाखाली झाकले जातात, ते तपासायचे तर चाक काढावंच लागतं आणि तेच कोणी करत नाही. शिवाय मूळ स्टड २५ मिमी असेल आणि स्पेसर २० चा, तर ५ मिमी टोक पुढे येणार, चाकाच्या मागे तेवढी खोबण नसेल तर चाक त्या टोकांवर टेकतं. एकावर एक दोन स्पेसर तर कधीच नाही.

बेअरिंगचं म्हणाल तर लोड बाहेर सरकला की ताण वाढतो हे खरं, पण ईटी (रिमचा ऑफसेट, म्हणजे हबला टेकणारी बाजू रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिमी बाहेर आहे ते) ४५ च्या रिमला १५ चा स्पेसर लावला काय आणि सरळ ईटी ३० ची तितक्याच रुंदीची रिम घेतली काय, बेअरिंगला सारखंच. मला त्यापेक्षा पुढच्या चाकांचं स्टिअरिंग जास्त महत्त्वाचं वाटतं. टायर जिथे रस्त्याला टेकतो आणि स्टिअरिंगचा अक्ष जिथे रस्त्याला मिळतो त्यातलं अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. १९७२ च्या ऑडी ८० ने ते मुद्दाम निगेटिव्ह ठेवलं, म्हणजे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी गाडी सरळ राहावी, आणि नंतर बऱ्याच गाड्यांनी तेच केलं. २० मिमीचा स्पेसर पुढे टाकला की हे अंतर २० मिमीने पॉझिटिव्हकडे सरकतं, एका चाकाखाली ओलं आणि एकाखाली कोरडं असताना जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं वाटू शकतं. फक्त दिसण्यासाठी लावायचे असतील तर मी मागे लावेन, पुढे नाही, आणि पाच माणसं बसवून, डिकी भरून, टायर आर्चला कुठे घासतो का ते आधी बघेन.