"कार्ड असताना लिंक कशाला?" म्हणणाऱ्यांना

आठवडाभर एकच मेसेज फिरायलाय. गल्लीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, काल तर आमच्या मामांनी पण टाकला. "ऑपरेशन 5 लाखांपर्यंत कार्डावर फुकट होतं, सीमाभागाला तर दोन-दोन सरकारं देतात, तरी आजारपणाला पैसे मागायची लिंक पाठवणारे सगळे फ्रॉड, अर्धे पैसे वेबसाइटवाले खातात, लिंक दिसली की डिलीट करा." खाली हात जोडलेला इमोजी.

आधी कार्डाचं बघू. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाख, हे खरं आहे. पण एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचे असाल तर पॅकेजच्या 30 टक्केच मिळतात आणि तेही वर्षाला दीड लाखापर्यंत, बाकीचे 70 टक्के तुमचे तुम्ही बघायचे. आणि आमच्याकडं एपीएल कार्डवाला म्हणजे काय बंगलेवाला असतो का, बघा की.

बरं, बीपीएलवाल्याचं तरी सगळं फुकट होतं का? आमच्या शेजारी बेळगावच्या वडगावात मागावर काम करणारे एकजण आहेत, त्यांच्या बायकोचा हृदयाचा वॉल्व बदलला. कार्ड बीपीएल, ऑपरेशनला खरंच एक रुपया लागला नाही, सरकारला त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पण योजनेत ॲडमिट व्हायच्या आधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरतात. वैनींच्या तपासण्या त्याच्या आधी चार महिने चालू होत्या, एकदा इको, परत इको, मग सरकारी दवाखान्यातून रेफरलची चिठ्ठी, त्यासाठी तीन हेलपाटे, प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी गेली. आणि मेकॅनिकल वॉल्व बसवला की रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघायला आयएनआर म्हणून टेस्ट असते ती परत परत करायची. कमी पातळ झालं तर वॉल्ववर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. ही गोळी काय पंधराव्या दिवशी बंद होते होय? आम्ही पैसे जमवले ते ह्यासाठी, ऑपरेशनसाठी नाही.

दोन सरकारांचं म्हणाल तर 2023 ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना आपली महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, बरोबर. कर्नाटकानं लगेच विरोध केला हे पण मेसेजमध्ये लिहा की. पेशंट बेळगावात आणि भांडण दोन राजधान्यांत, हे आपल्याला काय नवीन नाही. खानापूरकडची माणसं गोव्याच्या सरकारी दवाखान्यात, बांबोळीला पळायची, तिथंही 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना पैसे पडायला लागले.

आता फ्रॉड. आहे, नाही म्हणत नाही. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो उचलायचा, खाली आपला क्यूआर चिकटवायचा, असले भामटे आहेतच. पण म्हणून सगळंच डिलीट? दवाखान्याच्या शिक्क्याचं एस्टिमेट मागा, त्यावरचा पेशंट नंबर घेऊन बिलिंगला फोन करा, फोन नंबर मेसेजमधला नको, दवाखान्याच्या बोर्डावरचा. लय शंका असेल तर दवाखान्याच्या नावानंच चेक द्या. मिलाप, केटोसारख्या पैसे जमवायच्या साइटवर पण पैसे थेट दवाखान्याच्या खात्यावर जायची सोय असते.

"अर्धे पैसे खातात" हे कुठनं काढलं काय की. काही साइट फी न घेता टिप मागतात, ती आधीच भरून ठेवलेली असते, आपण घाईत पुढं दाबतो. ती शून्य करता येते, जरा थांबून बघायचं. त्या रडक्या जाहिराती मला पण आवडत नाहीत.

माझी तक्रार वेगळीच आहे. ज्याचा भाचा पुण्या-बेंगळुरात आयटीत आहे त्याची लिंक दोन दिवसांत भरते, आणि मागावरच्या माणसाला फॉर्म भरून द्यायलाच कोणी नसतं. आम्ही शेवटी लिंक केलीच नाही, गल्लीतल्या पंचांनी वर्गणीची वही घातली. पत्रिकेच्या पाठीमागं हिशोब लिहून किराणा दुकानात चिकटवलाय, अजून आहे, जाऊन बघा. शेवटची ओळ : शिल्लक 2,140, वैनींच्या रक्ततपासणीला.