"का?" विचारू नका, "कशावरून?" विचारा

काल एका पोरानं फरशीच्या दुकानासाठी केलेला लोगो पाठवला आणि खाली लिहिलं, "सर, कसा वाटला?" आता काय सांगू त्याला, मस्त वाटला की. पण मला मस्त वाटून उपयोग काय, मी काय त्या दुकानातनं फरशा घेणार नाहीये. सांगलीत बसून पंधरा वर्षं हेच डिझाईनचं काम करतोय आणि आमच्या धंद्यातली निम्मी बोलणी याच प्रश्नावर संपतात. कसा वाटला, जरा रिच वाटत नाहीये, उठून दिसत नाहीये, मालकांच्या मिसेसना निळा आवडतो. म्हणून आज जरा मोठं लिहितोय, वेळ असला तर वाचा.

आधी माझीच माती झालेली सांगतो म्हणजे कुणाला वाटायला नको की हा शहाणपणा शिकवतोय. चारेक वर्षांपूर्वी एका हळदवाल्यांचं काम आलं. जुना धंदा, वडलांचा, आता पोरगा बघतोय. पोरगा हुशार, इन्स्टावर बघून बघून त्याला "प्रीमियम" पाहिजे होतं आणि खरं सांगायचं तर मलाही तेच करायचं होतं. मी काळा मॅट पाऊच केला, त्यावर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात हळकुंडाचं बारीक लाइन ड्रॉइंग. मॉकअप, म्हणजे छापायच्या आधीचं नमुन्याचं चित्र, असला देखणा की मी तो माझ्या पेजवर टाकला, दोनशे लाइक आले. प्रत्येक रंगाला छपाईचा वेगळा सिलेंडर काढावा लागतो, तो खर्च झाला, माल छापून आला, दुकानात गेला. आणि बसला तिथंच.

दोन महिन्यांनी मी स्वतः विश्रामबागला एका किराणा दुकानात जाऊन उभा राहिलो, चांगला दीड-दोन तास. एक बाई आल्या, आमचा पाऊच उचलला, उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरला, परत ठेवला आणि शेजारची साधी प्लास्टिकची पुडी घेऊन गेल्या, त्यावर नुसतं एका रंगात छापलेलं लेबल. मी दुकानदार काकांना विचारलं तर म्हणाले, "अहो मला पहिल्यांदा तो चहाच वाटला." आणि मागनं एक आजी बोलल्या ते अजून कानात आहे, "हळदीला काळं कुणी गुंडाळतं का रं?" लग्नाची हळद, हळदीकुंकू, भंडारा, आणि आम्ही दोघं शिकलेले तिला काळ्या पाकिटात घालून बसलो होतो.

आता मुद्द्यावर येतो. कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना टोयोटाचं "फाइव्ह व्हाय" पाठ असेल, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा "का" विचारायचं. मशीन बंद का पडलं, तर लोड येऊन फ्यूज उडाला. लोड का आला, बेअरिंगला ऑइल पुरत नव्हतं. का, पंप ओढत नव्हता. का, पंपाचा शाफ्ट झिजला होता. का, तर जाळी नव्हती म्हणून लोखंडाचा कीस आत जात होता. टोयोटाच्याच ताइची ओनो यांचं हे उदाहरण, एक नंबर आहे, फ्यूज बदलत बसण्यापेक्षा जाळी बसवा. आमच्यातले बरेच जण हेच उचलून डिझाईनला लावतात. मी पण लावत होतो. पण मशीनच्या बाबतीत प्रत्येक "का"चं उत्तर उघडून बघता येतं, शाफ्ट हातात घेतला की झीज दिसते. डिझाईनच्या "का"ला डिझायनर खुर्चीत बसल्या बसल्या उत्तर देतो. काळा का? प्रीमियम वाटतो म्हणून. प्रीमियम का? चांगला भाव मिळतो म्हणून. भाव का? क्वालिटी आहे म्हणून. असे पाच का विचारले तरी एकही उत्तर दुकानातनं आलेलं नाही, सगळी माझ्याच डोक्यातनं. वर "असं का केलंस" विचारलं की माणसाला आपण रागावतोय असंच वाटतं, तो लगेच स्वतःची वकिली सुरू करतो.

म्हणून मी आता "कशावरून" विचारतो. आपल्या मराठीतला हा शब्द लई कामाचा आहे. काळा प्रीमियम वाटतो, कशावरून? कुणाला वाटतो, त्यानं कधी घेतलाय का, किती पैसे देऊन? तिथं गप्प बसावं लागतं, आणि गप्प बसलं की मग उठून दुकानात जावं लागतं.

मोठमोठे लोक पण यातनं सुटले नाहीत. 2009 च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रॉपिकाना ज्यूसचा पॅक बदलला. आधी संत्र्यात स्ट्रॉ खोचलेलं चित्र होतं, ते काढून ज्यूसचा ग्लास टाकला, अक्षरं पण बदलली. दोन महिन्यांच्या आत विक्री साधारण 20 टक्क्यांनी पडली आणि फेब्रुवारीतच जुना पॅक परत आणायचं जाहीर करावं लागलं. लोकांना नवा पॅक रॅकवर ओळखूच येईना, कुठला तरी स्वस्तातला माल वाटायला लागला. सगळे विचारत बसतात नवीन काय आणायचं, पण जुन्यातलं लोक काय बघून उचलतात हे आधी कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. माझ्या हळदीत ते उत्तर होतं पिवळा रंग. जो मी झाकला.

दुसरी फेरी अशी झाली. पोरग्याला परत भेटलो, या वेळी लॅपटॉप न उघडता. तो म्हणाला, पुढं मोठ्या अक्षरात "अस्सल सांगली राजापुरी" टाकू, राजापुरी ही हळदीची जात. म्हटलं कशावरून? म्हणजे काय, म्हणाला, माल मार्केट यार्डातनंच घेतो की. अरे पण यार्डात कर्नाटकातनं पण हळद येते, तुझ्या गोणीत कुठली आहे? आणि सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याचं नाव लावायचं तर रीतसर नोंदणी लागते, ती केलीय का? पोरगा पाच मिनिटं गप्प. प्रश्न पाऊचचा होता, उत्तर खरेदीत निघालं. असं फार वेळा होतं, आणि त्याचं बिल कुणाला लावायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग मी म्हटलं ठीक आहे, पाऊचला पुढं मोठी पारदर्शक खिडकी देऊ, हळद दिसू दे. मी खूश. कोपऱ्यात बसलेले त्याचे वडील इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते, ते म्हणाले, "आणि रंग उडला म्हंजे?" हे गृहस्थ सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांच्या काळातले, जमिनीखालच्या पेवात हळद ठेवलेली यांनी बघितलीय. अंधारात रंग टिकतो, उजेडात जातो, दुकानाच्या दारात उन्हाला टांगलेली पुडी महिन्याभरात फिकी पडते. कशावरून, हे त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही, पण घरी येऊन दोन पुड्या खिडकीत ठेवल्या आणि एक कपाटात. म्हातारा बरोबर होता.

शेवटी पाऊच पूर्ण पिवळा केला, मागच्या बाजूला खाली दोन बोटं रुंद खिडकी दिली, पुढं राजापुरी आणि वजन, बाकी काही नाही. सोनेरी अक्षरं गेली, माझं लाइन ड्रॉइंग पण गेलं. पेजवर टाकला तर अकरा लाइक, त्यातला एक माझ्या बायकोचा.

गेल्या आठवड्यात परत त्याच दुकानात गेलो. रॅकवर आमचे पाऊच पुढच्या ओळीत होते, पण तिथं काकांनीच लावले का गिऱ्हाईक मागतंय म्हणून आले, ते बघायला जरा बाजूला उभा राहिलो. काकांनी चष्म्यावरनं बघितलं आणि म्हणाले, "या वेळी काहीतरी घेणार, का परत नुसतं उभंच राहणार?"

पाव किलो घेतली.