‘एक बाबा’ यांच्या कमेंटला उत्तर: गुडघ्यातलं इंजेक्शन लेकराला कधी सांगायचं आणि काय सांगायचं

दादा (सही ‘एक बाबा’ एवढीच आहे म्हणून दादाच म्हणते), तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. सकाळी चहा घेता घेता परत वाचली तेव्हा कळलं की एका बाबतीत चूक माझीच आहे. म्हणून कमेंटखाली दोन ओळी खरडण्यापेक्षा नीट लिहिते.

ज्यांनी ती कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. यांच्या ५ वर्षांच्या मुलीचा उजवा गुडघा ४ महिने सुजलाय, जेआयए म्हणजे लहान मुलांचा संधिवात निघालाय आणि येत्या गुरुवारी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे. मी मागे लिहिलं होतं की मुलांपासून काही लपवू नका, सगळं आधी सांगा. ते वाचून यांनी गेल्याच आठवड्यात लेकीला सांगून टाकलं आणि तेव्हापासून पोरगी झोपत नाही, रात्री उठून विचारते, “बाबा, सुई आतच राहणार का?” पुढे यांचं म्हणणं असं की स्टिरॉइड म्हणजे विष, मी त्याची जाहिरात करते, थोडं थांबून बघायला काय हरकत आहे, आणि एवढ्याशा मुलांना साइड इफेक्ट सांगणं हा क्रूरपणा आहे.

आधी माझी चूक. मी ‘सगळं आधी सांगा’ लिहिलं पण कुठल्या वयाला किती आधी ते लिहिलंच नाही, कारण माझा स्वतःचा गुडघा ९ व्या वर्षी असाच सुजला होता आणि मी त्याच ९ वर्षांच्या डोक्याने लिहीत होते. ५ वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या गुरुवारी’ म्हणजे काय कळतच नाही, त्याच्यासाठी ती सुई रोज रात्री येते. या वयाला आदल्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी सकाळी सांगितलं तरी चालतं. ८-१० वर्षांच्या मुलाला चार-पाच दिवस मिळाले तर बरं, त्याला प्रश्न विचारायला वेळ लागतो, आणि टीनेजर असेल तर त्याला केबिनच्या बाहेर बसवून तुम्ही डॉक्टरांशी बोलताय हे बंदच करा. तुमच्या लेकीच्या त्या रात्रींबद्दल मनापासून सॉरी.

पण न सांगण्याचं काय होतं ते मी भोगलंय. माझा गुडघा सुजला तेव्हा मी ९ वर्षांची होते, सकाळी उठलं की पाय आखडलेला, शाळेत लंगडत जायचे, आणि घरचे म्हणायचे वात म्हाताऱ्यांना होतो, ही कुठेतरी पडली असणार. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मला सांगितलं होतं की ‘गुडघ्याचा फोटो काढायचाय’. मग टेबलावर तिघांनी धरलं आणि सुई आली. ती दुखली किती हे मला आज आठवत नाही. आठवतं ते हे की त्यानंतर खरोखरचा एक्स-रे काढायचा होता तेव्हा मी फोटोच्या खोलीच्या दारालाच घट्ट धरून बसले आणि वॉर्डबॉयने एकेक बोट सोडवलं. आईने नुसता ‘फोटो’ शब्द काढला तरी पोटात गोळा यायचा.

दुसऱ्या वेळचे डॉक्टर वेगळे होते. त्यांनी मलाच विचारलं की तुला काय वाटतं, आत काय झालंय? मी म्हटलं हाड सडलंय (कुठून आलं डोक्यात देव जाणे). ते म्हणाले हाड ठीक आहे, सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असतं, ते चिडलंय आणि चिडून पाणी सोडतंय, आपण आधी ते पाणी काढू आणि त्याच सुईतून चिडलेल्याला शांत करणारं औषध घालू. एक तास आधी बधिर करायचं क्रीम लावून वर प्लॅस्टिकची पट्टी चिकटवली. “आता चरचर, मोज पाचपर्यंत. आता नुसता दाब.” चरचरलंच, डॉक्टर म्हणाले तेवढंच. मी हट्टाने सिरिंज बघायला मागितली, आत लिंबू सरबतासारखं गढूळ पिवळट पाणी, आणि मग दुसऱ्या सिरिंजमधलं दुधासारखं पांढरं औषध. रडले, पण पळाले नाही.

आता विषाचं. जिममधली पोरं टोचून घेतात ते स्टिरॉइड, १९८८ ला सोलमध्ये बेन जॉन्सनचं गोल्ड मेडल गेलं ते स्टिरॉइड, ती जातच वेगळी, ती स्नायू वाढवणारी. सांध्यात देतात ते कॉर्टिसोलच्या घराण्यातलं, आणि कॉर्टिसोल तुमच्या-माझ्या किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रोज बनवतात. १९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला हे औषध पहिल्यांदा दिलं, तेसुद्धा इंजेक्शननेच, आणि ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० ला नोबेलसुद्धा मिळालं. मग भरमसाट डोस चालले आणि चेहरे सुजले, हाडं ठिसूळ झाली, बदनामी झाली ती तिथून, आणि ती खोटी नाही. पण १९५१ मध्येच हॉलँडर नावाच्या डॉक्टरांनी थेट सांध्यात देणं सुरू केलं त्याचा मुद्दाच हा की जिथे आग आहे तिथेच पाणी ओतायचं. थोडं रक्तात जातंच, एक-दोन दिवस गाल लाल होतात, पण महिनोन्महिने गोळ्या खाणं आणि हे यात खूप फरक आहे. (आणि कुणाचं मूल गोळ्यांवर असेल तर ही पोस्ट वाचून घाबरून त्या एकदम बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की त्या ग्रंथी आळशी होतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस हळूहळूच कमी करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही.)

खरं विष मला कुठलं वाटतं सांगू? ज्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं आणि चार दिवसांत जादू होते ती. तसल्या ‘जडीबुटी’ पावडरीत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलंय, आणि ते किती खातोय हेच कळत नाही.

थांबून बघण्याबद्दल. आम्ही एक वर्ष थांबलो, तेल, लेप, काढा, सगळं. सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा जास्त होतो, त्यामुळे वाढत्या वयात तिथलं हाड जास्त वाढतं. माझा डावा पाय दीड सेंटिमीटर लांब आहे, उजव्या बुटात आजही टाच घालते. हो, आधी टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन नाही ना याची खात्री हवी, आपल्याकडे एकच सांधा सुजलेला असेल तर ते बघावंच लागतं, आणि त्यासाठी थांबायला लावलं तर जरूर थांबा.

साइड इफेक्ट सांगणं क्रूर म्हणालात. माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला जिथे सुई गेली तिथे काही महिन्यांनी हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरट डाग पडला आणि कातडी जराशी आत गेली. औषध सांध्यातून थोडं मागे झिरपलं तर तिथली चरबी विरते, रंग फिका होतो, बऱ्याच जणांचं काळाने भरूनही येतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा बघितलं आणि आईला हळूच म्हणाल्या, “कोड तर नाही ना हो? मुलीची जात आहे.” मी दाराआड होते. पुढची दोन वर्षं मी स्कर्टखाली लेगिंग घातली, अगदी मे महिन्यात पण, आणि रोज रात्री पट्टीने डाग मोजायचे. एका वाक्याचं काम होतं. “इथे छोटा पांढरा ठिपका येऊ शकतो, तो औषधाचा असतो, पसरत नाही.” ५ वर्षांच्या लेकीला हे आज नका सांगू, पण तुम्हाला माहीत हवं आणि दिसला तर त्या दिवशी तिला सांगा. काकूंच्या आधी.

आता तिचा प्रश्न. दादा, ती दुखेल का असं विचारतच नाहीये. तिला वाटतंय सुई गुडघ्यात घालून ठेवणार. केमिस्टकडून बिनसुईची सिरिंज आणा, बाहुलीच्या गुडघ्यात तिलाच पाणी घालू द्या आणि सिरिंज बाहेर काढू द्या. दहा वेळा करेल, करू द्या. दुखणारच नाही असं मात्र म्हणू नका. गुरुवारी तिला आडवी दाबून धरण्यापेक्षा तुमच्या मांडीवर बसवून करता येईल का ते विचारा, आणि भूल देऊन करणार असतील (या वयात बऱ्याचदा देतात) तर ती उपाशी का आहे हे तिला सकाळीच सांगा, नाहीतर दूध मिळालं नाही की तिथूनच संशय सुरू. जागेपणी करणार असतील तर बधिर करायचं क्रीम तासभर आधी लागलं पाहिजे, सिस्टर गडबडीत विसरतात, तुम्ही आठवण करा. घरी आल्यावर एक-दोन दिवस उड्या नकोत.

आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (खास दिव्याच्या यंत्रातून डोळ्याच्या आत बघतात ती) झालीय का? कमेंटमध्ये तुम्ही काही लिहिलं नाहीये. या आजारात डोळा आतून सुजू शकतो आणि तरी बऱ्याचदा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रारही करत नाही. मी डॉक्टर नाही, पण झाली नसेल तर गुरुवारी हे पहिलं विचारा.