मौन म्हणजे नकार नव्हे

मुलाखतीनंतर महिनाभरात उत्तर आले नाही तर तो नकारच समजावा, असे एका लेखात म्हटले आहे. अमेरिकेतील एमडी (तिथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी) प्रवेशांबाबत तरी मला ते पटत नाही. तिथली बरीच महाविद्यालये मुलाखती चालू असतानाच टप्प्याटप्प्याने निर्णय देतात आणि पहिले होकार १५ ऑक्टोबरच्या सुमारास निघू लागतात, मात्र काही महाविद्यालये सगळ्या मुलाखती आटोपेपर्यंत कोणालाच काही कळवत नाहीत.

माझ्या मुलीची मुलाखत नोव्हेंबरात झाली. त्यानंतर जेवतानाही तिचा फोन ताटाशेजारी पालथा ठेवलेला असे आणि तो थरथरला की घास हातातच राही. बहुतेक वेळा ती कसली तरी जाहिरात निघे. साताऱ्याहून आईचा दर रविवारी एकच प्रश्न, "नंबर लागला का गं?" नीटचे गुण आणि गुणवत्ता यादी एवढेच ठाऊक असलेल्या आजीला हा प्रकार समजावणे मला शेवटपर्यंत जमले नाही.

फेब्रुवारीत प्रतीक्षायादीचे पत्र आले. या यादीतली खरी हालचाल ३० एप्रिलनंतर होते, कारण एकाहून अधिक होकार हाती असलेल्यांनी तोवर एकच जागा ठेवून बाकीच्या सोडाव्यात अशी अपेक्षा असते. आम्हाला फोन आला तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मधल्या काळात नव्या कामाची माहिती देणारे पत्र जरूर पाठवावे, पण त्या महाविद्यालयाला ते चालते का, हे आधी पाहून घ्यावे. काही ठिकाणी अशी पत्रे स्पष्टपणे नको असतात.