जीएसटी गेला, मग हप्ता कुठे उतरला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले होते. त्याआधी वर्षभर विषय गाजत होता. जुलै २०२४ मध्ये खुद्द गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, तेही नागपूरच्या एलआयसी कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या निवेदनावरून. कर गेला, चांगलंच झालं. आता आई-बाबांच्या मेडिक्लेमच्या रिन्यूअलचा मेल आलाय. कराच्या रकान्यात शून्य, आणि खाली एकूण रक्कम जवळपास मागच्या वर्षीइतकीच.

गणित चौथीतल्या पोराचं आहे. मूळ हप्ता पन्नास हजार, त्यावर नऊ हजार कर, एकूण एकोणसाठ. कर गेला की पन्नास. मूळ हप्ताच १८ टक्क्यांनी वाढवला की पुन्हा एकोणसाठ. आधी ते नऊ हजार सरकारकडे जायचे, आता कंपनीकडे. कंपन्या म्हणतात, कर शून्य झाल्यामुळे आमचं इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) बुडालं, खर्च वाढला. खरं आहे ते. पण काहींनी तो भार एजंटांच्या कमिशनवर ढकलला, हेही खरं आहे. आमचा एजंट हल्ली फोन उचलतो तोच सुस्कारा टाकून.

विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २०२४ मध्ये चांगले नियम आले. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायची मुदत चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीनवर आली. पाच वर्षं सलग हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही बीपी लपवलंत' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. कॅशलेसचा, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायचा, निर्णय तासाभरात, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. (डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीसमोर दुपार घालवलेल्यांनी हसू नये. नियम आहे, दाखवायचा.) जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक आला: साठीपुढच्या ग्राहकाचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलायचं.

आता दहा टक्के ऐकायला बरे वाटतात. दरवर्षी दहा धरले तर साठ हजारांचा हप्ता सात वर्षांत एक लाख सतरा हजारांच्या घरात जातो. पेन्शन सात वर्षांत दुप्पट होते का कुणाची? आणि साठीच्या आतल्यांना ही मर्यादाही नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांचं बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी गेली, अंगाला शुगर चिकटलेली, आणि बाजारात नवी पॉलिसी घ्यायला निघायचं. आमच्या काकांना एका कंपनीने सरळ नाही म्हटलं, दुसरीने असा आकडा सांगितला की काकूंनी फोन काढून घेतला.

पण माझा मुख्य राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आपण सगळे हप्त्याबद्दल बोलतो, बिलाबद्दल कुणी बोलत नाही. हप्ता म्हणजे शेवटी हॉस्पिटलच्या बिलांचीच बेरीज, त्यावर कंपनीचा खर्च आणि नफा. ॲडमिशनच्या काउंटरवर आजार काय विचारायच्या आधी "मेडिक्लेम आहे का?" विचारतात, ते काय काळजीपोटी? आमच्या घरातल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला एका हॉस्पिटलने दोन आकडे सांगितले, रोख भरलं तर एक आणि मेडिक्लेम असेल तर दुसरा. डोळा तोच, लेन्स तीच.

त्यात रूमच्या मर्यादेची मेख. पाच लाखांची पॉलिसी, रूमला दिवसाला एक टक्का म्हणजे पाच हजार. तुम्ही दहा हजारांची रूम घेतली तर फक्त वरचे पाच हजार तुमचे, असं नसतं. डॉक्टरांची फी, ओटीचा खर्च, सगळ्यालाच निम्मी कात्री लागते. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यातून वगळल्यात, नाहीतर घरच विकावं लागलं असतं.

दर बांधता येत नाहीत, असं म्हणू नका. २१ मे २०२० ला, कोविडमध्ये, याच महाराष्ट्र सरकारने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले होते: साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये दिवसाला. महापालिकांनी बिलं तपासायला ऑडिटर नेमले, काही लोकांना पैसे परतही मिळाले. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या अरुंद रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा लाखाच्या वर विकला जाणारा औषधाचा लेप असलेला स्टेंट तीस हजारांच्या आसपास आला. हृदयविकाराचे उपचार काही बंद पडले नाहीत.

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा २०१० चा. महाराष्ट्राने तो स्वीकारलेलाच नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले: रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं. मला एका ठिकाणी सनद दिसली. अग्निशामक सिलिंडरच्या मागे.

तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलवाल्यांबद्दल मला सहानुभूती आहे, विमा कंपन्या त्यांना जुन्याच दरांवर दाबून ठेवतात. मोठ्या साखळ्यांचं गणित वेगळं. पुण्यातली सह्याद्री हॉस्पिटल्स २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतली आणि २०२५ मध्ये मणिपालने विकत घ्यायचा करार केला. यात गैर काही नाही, असे व्यवहार रोज होतात. फक्त पेन्शन फंडाला परतावा लागतो, आणि हॉस्पिटलचं उत्पन्न म्हणजे रुग्णांची बिलं.

विमा कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. नियामकाच्या २०२३-२४ च्या आकड्यांत फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्या शंभर रुपयांच्या हप्त्यातले पासष्टच्या आसपास क्लेमवर खर्च करताना दिसतात, सरकारी कंपन्या शंभराहून जास्त. मोठ्या उद्योगांना ग्रुप पॉलिसी स्वस्तात द्यायची आणि भरपाई आपल्यासारख्या सुट्या गिऱ्हाइकाकडून, हा धंदा कधीतरी उघडपणे मोजला पाहिजे.

तेव्हा मागायचंच असेल तर हे मागूया. दहा टक्क्यांची मर्यादा पन्नाशीपासून लावा. प्रत्येक हॉस्पिटलच्या ठरावीक वीस-पंचवीस ऑपरेशनांचं सरासरी बिल जाहीर करा, रोखीचं वेगळं आणि मेडिक्लेमचं वेगळं. आणि २०२१ चे नियम पाळले जातात का, हे बघायला महापालिकेचा माणूस पाठवा.

दरम्यान, ज्यांचे आई-वडील सत्तरीपार आहेत त्यांनी केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं, आयुष्मानचं, कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही. क्लेम अडला असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं, फी नाही, वकीलही लागत नाही.