‘जाहिरात बघून कोण तंबाखू सोडतं?’

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. तो थोडक्यात असा: तंबाखूविरोधी जाहिरातींवर सरकार पैसा उधळतं. थिएटरात जाहिरातीतला मुकेश आला की पोरं हसतात. जाहिरात बघून आजवर कोणी तंबाखू सोडलेली नाही. इच्छाशक्ती असेल तो आपला आपण सोडतो. खरंच सोडवायची असेल तर बंदी घाला. लष्कर भागातल्या ज्या घरांत चुन्याची डबी अजून देवळीत असते, त्या घरांतूनही तो मजकूर पुढे जातोय, म्हणून हे लिहिते आहे.

पोरं हसतात, खरं आहे. पण हसणारी पोरं आणि गालात बार धरून बसलेला माणूस एकच नव्हेत. मुकेश तोंडाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा अवघा २४ वर्षांचा होता. आणि २०१४च्या जाहिरातीतली सुनीता तर आपल्या शेजारच्या भिंडची, दोन मुलांची आई. शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा घेऊन ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि एप्रिल २०१५मध्ये गेली. भिंड-मुरैन्याकडची बाई आपल्याच बोलीत सांगते, तेव्हा ते तंबाखू खाणाऱ्या बाईपर्यंत पोचतं. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या आज्यांना तर ‘हे तंबाखूच आहे’ असं तोंडावर सांगणारंही कोणी नसतं.

‘कोणी सोडलेली नाही’ हे साफ खोटं आहे. अमेरिकेत २०१२ साली तंबाखूनं आजारी पडलेल्या माणसांनाच टीव्हीवर बोलतं केलं. सोबत मदतीचा फोन नंबर दिला. मोहीम जेमतेम बारा आठवडे चालली. तेवढ्यात त्या नंबरवरचे फोन दुपटीहून वाढले, सुमारे १६ लाख जास्तीच्या माणसांनी सिगारेट सोडून पाहिली आणि त्यातले निदान लाखभर कायमचे सुटतील असा अंदाज निघाला. ‘सोळातला एकच?’ असं कोणी म्हणेल. पण तंबाखू बहुतेकांची पहिल्या खेपेला सुटत नाही. कितीदा तरी सोडावी लागते. आपल्याकडे २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांनी सांगितलं की पुडीवरचा इशारा बघून सोडायचा विचार मनात आला. विचार येणं म्हणजे सुटणं नव्हे, हे मान्य. पण त्याच्याशिवाय सुरुवात कुठून होणार?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आपल्या जाहिराती घाबरवतात भरपूर, सोडायची कशी ते मात्र नीट सांगत नाहीत. फिनलंडमध्ये १९७८ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या उत्तर करेलिया प्रकल्पातून टीव्हीवर एक कार्यक्रम झाला. त्यात काही माणसांनी प्रेक्षकांदेखत, भागागणिक सिगारेट सोडली आणि घरी बसलेल्यांनी त्यांच्याबरोबर. असं काही आपल्या केबलवर, आकाशवाणीवर का होऊ नये?

आता इच्छाशक्ती. आमच्या शेजारच्या एका काकांकडे ती भरपूर होती, तरी दर पाडव्याला सोडून आठवड्यात परत सुरू व्हायचं. शेवटी सुनेनं पुडीवर छापलेला नंबर लावून दिला, १८००-११-२३५६. २०१८च्या सप्टेंबरपासून तो प्रत्येक पुडीवर असतो, फुकट आहे. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, ‘उठल्यावर किती वेळानं पहिला बार लावता?’ काका म्हणाले, दात घासायच्या आधी. मग सोडायची तारीख ठरली, डबी आणि चुना आदल्या रात्रीच घराबाहेर गेला. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी घोटघोट प्या, बडीशेप चावा, असं सांगितलं. पहिले तीन-चार दिवस फार वाईट जातील, हेही आधीच सांगून ठेवलं. काका तेव्हा रिकाम्या तळहातावर अंगठा फिरवत बसायचे. पुढे तिकडूनच विचारपूस करणारे फोन येत राहिले. निकोटीनची सवय मेंदूत बसलेली असते; तिथे नुसत्या निर्धारावर एकट्यानं झुंजणारे शंभरातले पाचही वर्षभर टिकत नाहीत.

उरली बंदी. ती हवीच, माझा विरोध नाही. पण अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांखाली गुटखाबंदी देशात सगळ्यांत आधी आपल्याच मध्य प्रदेशानं केली, १ एप्रिल २०१२ला. पुढे काय झालं ते कोपऱ्यावरच्या कुठल्याही गुमटीवर बघा. पानमसाल्याची पुडी वेगळी, जर्द्याची पुडी वेगळी, दोन्ही एकाच माळेत लटकतात आणि गिऱ्हाईक तिथेच उभ्याउभ्या मिसळून तोंडात टाकतं. वर त्याच पानमसाल्याच्या नावानं वेलचीची जाहिरात मोठमोठे नट करतात. तंबाखूविरोधी जाहिरात फुकट जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या कंपन्या जाहिरातींवर इतका पैसा कशाला ओततात, याचं उत्तर द्यावं.