गावाच्या इतिहासात मधमाशीला एक ओळही नाही?

आज गावाच्या इतिहासाची पुस्तिका हातात पडली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. झाडून सगळे सरपंच आहेत, सोसायटीचे चेअरमन आहेत, पाण्याची टाकी कोणाच्या काळात झाली तेही आहे. मोहोळाबद्दल, मधाबद्दल एक ओळ नाही. पुस्तिका काढणाऱ्यांपैकी एकाला फोन केला तर म्हणतो, "माशीस्ना कसाना इतिहास रे भो?" तेव्हापासून डोकं तापलंय.

ज्या गावानं डोंगळे, म्हणजे बियाण्याचे कांदे लावून, माशीनं भरलेलं कांद्याचं बी विकून घरं बांधली, पोरींची लग्नं केली, त्या गावानं हे विचारावं?

माझे आबा डोंगळे लावायचे. पांढरे गोंडे उमलायला लागले की सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून पावरा या आदिवासी समाजाचे एक दादा यायचे आणि बांधावर बसून सांगायचे, "आता फवारा बंद." आबा कोणाचंच ऐकायचे नाहीत, त्यांचं मात्र ऐकायचे. बदल्यात बांधावरच्या वडाचं आग्या मोहोळ दादांचं. कागद नाही, सही नाही. आबांनी ते मोहोळ दुसऱ्या कोणाला कधी हात लावू दिलं नाही. हा शेतीचा इतिहास नाही तर काय आहे?

मान्य, केळीला माशी लागत नाही, घड तिच्याशिवायही येतो. म्हणून रावेर-यावलकडं कोणाला तिचं पडलेलं नसेल. पण कांद्याचं बी, कलिंगड, सूर्यफूल? आज लोक डोंगळ्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात. त्या पेट्यांतली इटालियन माशी आपल्या देशात रुजली १९६०च्या दशकात, तीही पंजाबात. त्याआधी आपल्या आज्या-पणज्यांच्या गोंड्यांत बी भरलं ते आग्या, फुलोरी, सातेरी या आपल्या देशी माश्यांनी. फुकट.

आणि आता? आग्या दिसलं की टेंभा पेटवायचा, जाळायचं, व्हिडिओ टाकायचा. तीच पोरं २० मेला मधमाशी दिनाचं स्टेटस ठेवतात. संताप येतो. आग्या चवताळलं तर माणूस जातो, हे मलाही कळतं. पण दादा त्याच आग्यात रात्री चढायचे. अमावास्येचा अंधार, ओल्या पाल्याचा धूर, कमरेला दोर. मध फांदीला लागून असतो, खाली पिल्लं. दादा मधाचा तेवढा भाग कापायचे, पिल्लांचं पोळं तसंच सोडायचे. मी लहान होतो, खाली घोंगडी पांघरून बघायचो. "सगळं नेलं तर पुढच्या साली कोण येईल?" एवढंच म्हणायचे ते.

महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आनंद आहे, त्यांनी ते कमावलंय. पण आपल्या उशाशी अख्खा सातपुडा असताना आपल्याकडं दोन पानं लिहिलेली नसावीत?

लिहिताना राग जरा उतरला. पुस्तिका काढणारी पोरं वाईट नाहीत, त्यांना हे कोणी सांगितलंच नाही. आबा गेले, दादाही गेले. कोणत्या महिन्यात कोणता फुलोरा, आग्या कधी येतं, कधी उठून जातं, हे सगळं दादांना तोंडपाठ होतं. त्यातलं अर्धंमुर्धं त्यांच्या थोरल्या मुलाला येतं. तोही आता साठीच्या पुढं आहे. या रविवारी पाड्यावर जातोय, तो बोलेल तेवढं मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून आणतो. पुस्तिकावाल्यांनाही सोबत चला म्हटलंय.

चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, धडगावकडची मंडळी, तुमच्या घरात कोणी मोहोळ उतरवायचं का? भिंतीच्या देवळीत, झाडाच्या ढोलीत सातेरी राखली होती का? कोणाचा बांध, कोणतं झाड, मधातला वाटा कोणाला जायचा, आठवेल तसं खाली लिहा. घरातल्या थोरल्या, जिभाऊ लोकांना तर मुद्दाम विचारा. अहिराणीत लिहिलं तरी चालेल. मी सगळं एका वहीत उतरवून घेतो आणि शाळेत एक प्रत ठेवतो.